अंगावर जिवंत पॉलिप रोवून लपणारा खेकडा (कँडी क्रॅब): यात पॉलिपला काय मिळतं?

झिरोमाईल

माझी भाची नुकतीच इंडोनेशियात लेंबेच्या सामुद्रधुनीत डायव्हिंग करून आली. तिने पाठवलेल्या शेकडो फोटोंपैकी एकावर मी अडकून बसलोय, म्हणून हा धागा. समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब, नागपुरात बसून समुद्रावर लिहितोय, त्याबद्दलचे टोमणे आधीच स्वीकारले आहेत.

फोटोत पहिल्यांदा खेकडा दिसतच नाही. दिसतं ते एक मऊ प्रवाळ, डेंड्रोनेफ्थिया वंशाचं. अर्धपारदर्शक पांढरट देठ, आतल्या चुन्याच्या सुया बाहेरून दिसतात, आणि फांद्यांच्या टोकांना गुलाबी पॉलिपचे (प्रवाळाची वसाहत ज्यांची बनते त्या इवल्या जिवांचे) झुपके. भाचीने लाल बाण काढून पाठवला तेव्हा कळलं की त्यातला एक झुपका म्हणजे खेकडा आहे. अंग पांढरट, त्यावर गुलाबी नक्षी, पाठीवर टोकदार काटे. आकार जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर. कँडी क्रॅब म्हणतात त्याला, शास्त्रीय नाव हॉप्लोफ्रिस ओटेसी. गंमत म्हणजे याचं पहिलं शास्त्रीय वर्णन आपल्याकडच्याच माणसाने केलंय. म्हणजे साहेबच, पण मद्रास ख्रिश्चन कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारा. जे. आर. हेंडरसन, १८९३.

रंगाने मिसळून जाणं एकवेळ समजू शकतो. पण हा खेकडा ज्या प्रवाळावर राहतो त्याचेच पॉलिप तोडून स्वतःच्या कवचावर रोवतो. फोटो टीव्हीवर लावून मोठा केला. कपाळावरच्या काट्यांपाशी एक पॉलिप आहे. आठ शुंडकं, प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी बारीक पिसं, आणि सगळी पसरलेली. मिटलेला किंवा सुकलेला नाही. उघडा पॉलिप म्हणजे जेवत असलेला पॉलिप. खेकड्याच्या डोक्यावर बसून तो पाण्यातून काहीतरी पकडून खातोय!

वेषांतर म्हटलं की आपण रंग, पालापाचोळा, चिखल असलं काही धरतो. इथे वेष स्वतः जिवंत आहे आणि त्याला भूक लागते. खेकडा किती हुशार, हे सगळीकडे लिहिलेलं सापडतं. मला पडलेला प्रश्न दुसरा आहे. पॉलिपला यात काही मिळतं, की ही सरळसरळ चोरी? इथल्या जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सावजीप्रेमी

दोन सेंटिमीटर? मंग रस्सा कशाचा करावं बाप्पा?

(जातो. पण जाता जाता खरा प्रश्न: याचा रंग मुळातच प्रवाळासारखा आहे म्हणता, तर पुन्हा वरून पॉलिप लावायची उठाठेव काहून?)

मास्तरीण महालातली

झिरोमाईल, धागा आवडला. आधी चिकटवण्याचं सांगते, कारण ते बघण्यासारखं आहे.

हा खेकडा माजॉइडिया या मोठ्या गटातला. अंगाला काहीबाही लावून फिरणारे बरेचसे खेकडे याच गटात येतात. डिंक किंवा गोंद असं काही ते वापरत नाहीत. कवचावर आणि पायांवर राठ केसांच्या रांगा असतात आणि त्या केसांची टोकं आकड्यासारखी वळलेली असतात. शेतातून आलं की पॅंटला गोखरू लागलेले असतात ना, तीच युक्ती, फक्त इथे आकडे कपड्याला आहेत. खेकडा नांगीने तुकडा तोडतो, तोंडाशी नेतो, कडा चावून खरबरीत करतो आणि मग आकड्यांवर घासून घासून बसवतो. पहिल्या खेपेला बसला नाही तर काढून पुन्हा चावतो. मेरी विक्स्टन या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या अशा खेकड्यांवर बरंच काम केलंय. तुकडा नीट बसला तर जिवंत जीव पुढे तिथेच वाढतो.

सावजीप्रेमी, तुमचा प्रश्न चांगला आहे. रंग जुळला तरी बाह्यरेषा उरतेच. मासा शिकार ओळखतो ती पुष्कळदा आकारावरून. गोल कवच आणि आठ पाय अशी रेषा दिसली की संपलं. पॉलिप रोवले की ती रेषाच मोडते.

आणि रस्सा करायचाच असेल तर शेततळ्यातले खेकडे आहेत की.

खारट पाणी

इथे मी थोडं अधिकाराने बोलू शकतो, कारण त्रिमूर्तीनगरात माझ्याकडे समुद्री टाकी आहे. हो, नागपुरात. आरओचं पाणी, त्यात कृत्रिम मीठ कालवून घनता १.०२५ ला आणायची आणि ती तिथेच टिकवायची. मे महिन्यात बाहेर ४५ च्या वर पारा असतो तेव्हा टाकी २६ वर ठेवणं म्हणजे काय असतं ते विजेचं बिल बघणाऱ्या माझ्या बायकोला विचारा. आमच्या इथल्या काही जणांनी चिलर (पाणी गार करायचं यंत्र) न घेता पाण्यावर पंखे लावून पाहिले. कोरड्या मेमध्ये झकास चालतं, आपल्या कूलरचंच तत्त्व. पण पाणी सपाटून उडतं आणि मीठ मागे राहतं, त्यामुळे रोज गोड पाणी घालत बसायचं. आणि जुलैत हवा दमट झाली की तेच पंखे नुसते फिरतात, पाणी काही गार होत नाही.

आता खेकडा. 'डेकोरेटर क्रॅब आहे, काहीही खातो, कुठेही राहतो' असं सांगून एका दुकानदाराने मला एक विकला होता. तो कँडी नव्हता, कॅम्पोशिया रेटुसा होता. हा आकाराने मोठा, लांब पायांचा आणि लावायच्या मालाबाबत अजिबात चोखंदळ नाही. स्पंज, शेवाळ, हायड्रॉइड, जे मिळेल ते. दिवसा दगडामागे गप्प. सकाळी दिवा लावला की झोअँथिडच्या (प्रवाळांच्या एका भाऊबंदाच्या) झुपक्यात मधोमध टक्कल पडलेलं, आणि तीच हिरवी पॉलिप याच्या मागच्या पायांवर, उघडी, मजेत. पाठीपेक्षा मागच्या पायांवर माल जास्त असायचा. पुढे वाचनात आलं की या जातीवर प्रयोगच झालेत. ज्यांना लपायला आडोसा दिला त्यांनी अंगाला कमी लावलं, उघड्यावर ठेवलेल्यांनी जास्त. म्हणजे ही नुसती खोड नाही, गरज बघून चाललेलं काम आहे.

कँडी क्रॅब मात्र कोणी विकायला आणला तरी घेऊ नका, ही हात जोडून विनंती. खेकड्यापेक्षा अडचण त्याच्या घराची आहे. बहुतेक प्रवाळांच्या अंगात एकपेशीय शेवाळ राहतं आणि उजेडावर त्यांना अन्न करून देतं. डेंड्रोनेफ्थियात ते नसतं. त्याला सतत वाहत्या पाण्यातून खाणं हवं, आणि तेही अगदी बारीक. तांबड्या समुद्रातल्या डेंड्रोनेफ्थियावर १९९५ मध्ये 'सायन्स'मध्ये एक संशोधन आलं होतं. हे प्रवाळ मुख्यतः वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ) खाऊन जगतं असं त्यात दिसलं. घरच्या टाकीत तेवढं प्लवक तेवढ्या प्रवाहात चोवीस तास पुरवणं जवळपास अशक्य. प्रवाळ हळूहळू आक्रसत जातं, देठ लोळतो, आणि खेकड्याचं घर, कपाट, सगळंच जातं.

झिरोमाईल, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला यात दिसतं. अंगावरचा पॉलिप जगवायचा तर खेकड्याला तिथेच राहावं लागतं जिथे त्या पॉलिपला खायला मिळेल. म्हणजे त्याच प्रवाळावर, त्याच प्रवाहात.

झिरोमाईल

वा, हा मुद्दा डोक्यात आला नव्हता. खेकडा स्वतःही पाण्यातलं प्लवकच टिपून खातो असं वाचलं. म्हणजे प्रवाहाच्या तोंडाशी बसण्यात दोघांचाही स्वार्थ.

संत्राबाग

मी काटोलकडचा. समुद्र पाह्यला तो गणपतीपुळ्याले, तोही गर्दीत. पण हे जे तुमी सांगून राहिले ना, हे आमच्या बागेत रोज चालू असते.

आंबिया बहाराची नवी नवती फुटली की त्यावर सिट्रस सायला ही कीड येते. तिच्या पिल्लांवर तुटून पडते ती क्रायसोपाची अळी. आता ही अळी पाहाल तर अळीसारखी वाटतच नाही. पानावर एक कचऱ्याचा गोळा, पांढुरकं मेण, सालपटं, आणि तो गोळा चालून राहिला! भिंग लावून पाह्यलं तर खाली बारीक अळी, पुढं दोन वाकडे जबडे. सायलाचं पिल्लू धरते, चोखते, आणि रिकामं सालपट मान वळवून पाठीवर ठेवते. पुन्हा पुढची. मुंग्याबी फसतात तिले. अंडी ओळखायला सोपी, पानाले बारीक दांडीवर टांगलेली असतात, एकेक सुटी.

आता आमी फवारा मारतो तेव्हा सायलाबरोबर हेबी मरते, ते दुःख वेगळं. तुमच्या खेकड्याचा हा गाववाला भाऊ म्हणा.

मास्तरीण महालातली

संत्राबाग, किती नेमकं पाहिलंय तुम्ही! एक भर घालते. कीड खायला म्हणून प्रयोगशाळेतून कार्डावर अंडी आणून सोडतात ती क्रायसोपर्ला, तिच्या अळ्या सहसा उघड्याच फिरतात. पाठीवर कचरा वाहणारी तुमच्या बागेतली अळी बहुधा मॅलाडाची. संत्र्यावरच्या सायलाचा ती खास शत्रू मानली जाते.

पण फरकही बघा. अळीच्या पाठीवर आहेत ती मेलेल्यांची सालपटं. त्यांना खाऊ घालावं लागत नाही, ती वाढत नाहीत, मरत नाहीत. धाग्याचा प्रश्न जिवंत ओझ्याचा आहे.

कोकणातली, सध्या धरमपेठ

माहेर मालवण, सासर नागपूर, त्यामुळे हा धागा माझ्याचसाठी काढलाय असं समजते.

आमच्याकडे खेकडा म्हणजे कुर्ली, आणि ती पातेल्यात. पण ट्रॉलरच्या जाळ्यातून मासळीबरोबर जो कचरा येतो त्यात स्पंज पांघरलेला खेकडा मी लहानपणी पाहिलाय. ड्रोमिया. त्याचं तंत्र या आकडेवाल्यांपेक्षा वेगळं. तो जिवंत स्पंजाचा तुकडा नांग्यांनी कापतो, खालून पोखरतो, आणि पाठीवर टोपीसारखा घेतो. शेवटच्या पायांच्या दोन जोड्या वर वळलेल्या असतात आणि त्यांनी ती टोपी धरून ठेवतो. चालायला उरतात त्या पुढच्या जोड्या. म्हणजे पांघरुणासाठी चार पाय कायमचे कामाला लावलेत! एका काकांनी तो उलटा करून टोपी काढून घेतली तर बिचारा हातावर फिरून फिरून तीच शोधत होता. स्पंज बहुतेक माशांना बेचव, काहींचे तर विषारी. लपणं तर झालंच, वर कोणी तोंडात घेतलंच तरी थुंकून टाकणार.

मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे स्नॉर्केलिंगला जाल तर मासे सोडून कधी दगडांकडेही बघा.

शंकेखोर

थांबा, इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होतेय. दिसू नये म्हणून लावणं एक, आणि दिसलं तरी खाऊ नये म्हणून लावणं दुसरं. पहिल्याला लपणं म्हणा. दुसऱ्यात उलट ओळखू आलेलं बरं. कँडी क्रॅब नक्की कुठल्या गटात?

झिरोमाईल

शंकेखोर, नावाला जागलात. याच प्रश्नावर एक फार सुंदर प्रयोग आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर लिबिनिया डुबिया नावाचा खेकडा आहे. स्टॅखोविच आणि मार्क हे या दोन संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं की त्याची पिल्लं आजूबाजूला जे जास्त उगवलंय ते लावत नाहीत, शोधून शोधून डिक्टिओटा हे एकच तपकिरी शेवाळ लावतात. त्या शेवाळात एक रसायन असतं, ते तिथल्या माशांना नकोसं. आणि नेमकं तेच रसायन या खेकड्याला अंगावर लावायला उद्युक्त करतं. पुढे असंही दिसलं की उत्तरेला जिथे ते शेवाळ उगवतच नाही, तिथे हीच जात एक बेचव स्पंज लावते. माल बदलला, हेतू तोच. आणि मोठी झाल्यावर, कवच पुरेसं जाड झाल्यावर, लावणं सोडून देतात.

कँडी क्रॅबबाबत माझं मत: लपणं पहिलं. ज्यावर बसलाय त्याचेच पॉलिप लावतो, दुसरीकडून आणत नाही, यावरून तरी तसंच वाटतं. पांढऱ्या, पिवळ्या, लाल, ज्या रंगाच्या प्रवाळावर असेल तसा तो दिसतो.

वाचनमात्र

बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहावंसं वाटलं.

मूळ प्रश्न होता की जिवंत जिवाला यात काय मिळतं. कँडी क्रॅबपेक्षा याचा चांगला अभ्यास बॉक्सर क्रॅबवर झालाय, म्हणून तो इथे आणतो. लिबिया वंशाचा हा छोटा खेकडा दोन्ही नांग्यांत एकेक समुद्रफूल (सी ॲनिमोन, हा प्राणीच) धरून फिरतो, कोणी जवळ आलं की ते पुढे करतो. हे लपणं नाही हे मान्य, पण जिवंत प्राणी वापरणं तेच.

तांबड्या समुद्रातल्या लिबिया लेप्टोकिलिसवर इस्राएलच्या संशोधकांनी काम केलं. २०१३ मध्ये त्यांनी दाखवलं की समुद्रफुलाने पकडलेलं अन्न खेकडा काढून घेतो आणि त्यामुळे ते बुटकंच राहतं. खेकड्यापासून सोडवून नीट खाऊ घातलं तर तेच चांगलं मोठं होतं. मग २०१७ मध्ये त्याहून मजेदार गोष्ट. एका नांगीतलं समुद्रफूल काढून घेतलं तर खेकडा उरलेलं एक ओढून ताणून मधून फाडतो आणि दोन करतो. दोन्ही तुकडे वाढून पूर्ण होतात. दोन्ही काढून घेतली तर दुसऱ्या खेकड्याशी झटापट करून त्याच्याकडचं एक, किंवा त्याचा तुकडा, हिसकावतो. आणि मग दोघंही आपापलं फाडून जोडी पुरी करतात! निसर्गातून गोळा केलेल्या खेकड्यांकडची समुद्रफुलं तपासली तर ती जनुकांनी एकसारखी निघाली.

आता सांगा, समुद्रफुलाचा फायदा की तोटा? उपाशी ठेवलं जातंय, फाडलं जातंय. पण त्याच्या प्रती वाढताहेत आणि खेकड्यांबरोबर फिरताहेत.

सावजीप्रेमी

उपाशी ठेवायचं, फाडायचं, आणि वरून म्हणायचं की तुझा वंश वाढवून राहिलो. हे आमच्या एका जुन्या साहेबाले दाखवा कोणी.

शंकेखोर

वाचनमात्र, उदाहरण उत्तम, पण ते कँडी क्रॅबला लागू करताना जपून. समुद्रफूल एकटं जगणारा प्राणी आहे, अर्धं केलं तरी पूर्ण होतं. डेंड्रोनेफ्थियाचा पॉलिप वसाहतीचा एक घटक आहे. वसाहतीत सगळे पॉलिप आतून जोडलेले असतात, एकाने पकडलेलं अन्न दुसऱ्यालाही पोचतं. त्यातला एक तोडून वेगळा लावला तर तो त्या शिदोरीतून तुटतो. आता जे तोंडात पडेल तेवढंच. म्हणून माझं मत चोरीकडे झुकतं, पण भुरटी चोरी. हजारो पॉलिपच्या वसाहतीला दोन-चार गेल्याचं काय?

खारट पाणी

शंकेखोरांशी बव्हंशी सहमत. फक्त एक, मऊ प्रवाळाचे छोटे तुकडे योग्य जागी पडले तर त्यातून नवी वसाहत उभी राहू शकते, आमच्या छंदात इतर मऊ प्रवाळं आम्ही तुकडे करूनच वाढवतो. पण त्यासाठी तुकडा एका जागी दगडाला धरला पाहिजे. खेकड्याच्या पाठीवर ते भाग्य नाही, कारण पाठच एक दिवस निघून जाते.

आणि टाकीवाल्या मित्रांसाठी: कठीण प्रवाळं आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रावरून 'आठवण' म्हणून तुकडा उचलून आणू नका, अगदी मेलेलासुद्धा.

संत्राबाग

पाठ निघून जाते म्हंजे कात टाकते ना? मंग लावलेला माल जातो काय वाया? आमची अळी कात टाकल्यावर काय करते तेबी आता पाहून ठेवतो.

मास्तरीण महालातली

हो, कात टाकते. खेकड्याचं कवच वाढत नाही, म्हणून जुनं मागच्या बाजूने फाटतं आणि तो त्यातून उलटा सरकत बाहेर येतो. डोळ्यांचे देठ, मिशा, पायांची टोकं, सगळ्यांची सालं मागे राहतात. आणि त्या रिकाम्या कवचावर लावलेला सगळा बगीचाही. नवं अंग मऊ, नवे आकडे कोरे, आणि नेमकं तेव्हाच खाणाऱ्यांपासून सगळ्यात जास्त धोका.

सजावट करणारे बरेच खेकडे मग जुन्या कवचाकडेच परत येतात, त्यावरचे तुकडे एकेक करून उपटतात आणि नव्या अंगावर चढवतात. जिवंत असेल तर तोच जीव पुन्हा कामाला येतो. माजॉइड खेकड्यांत बहुतेकांचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे वयात येताना शेवटची कात, त्यानंतर पुन्हा नाही. त्यापुढे अंगावर जे रुजेल ते खेकडा जगेल तोवर तिथे राहू शकतं. कधीकधी इतकं माजतं की चालणं जड होतं.

संत्राबाग, अळीचं तुम्ही खरंच बघा. नवतीवरची एखादी फांदी पातळ जाळीच्या पिशवीत बांधून ठेवा, आत सायलाची पिल्लं आणि एक अळी असेल अशी. रोज सकाळी भिंगाने बघून पाठीवरचा गोळा आहे की नाही एवढं टिपून ठेवलं तरी पुरे. मोबाइलला चिकटणारी मॅक्रो लेन्स माझ्याकडे जास्तीची आहे, सीताबर्डीला येणं झालं तर कळवा, देते. आणि त्या फांदीवर फवारा मारायचा नाही!

संत्राबाग

हाव ताई. सोमवारी मार्केटले येतो, फोन करतो.